मागच्या सीटवरचा वास

१४ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. वर्धा ते समुद्रपूर आणि समुद्रपूर ते वर्धा, आमचं अप-डाऊन पुन्हा सुरू. या खेपेला एक गोष्ट मात्र नवी. शाळेत इंग्रजी शिकवणारी यामिनी आजपासून माझ्या गाडीने येते आहे. तिला चौथा महिना लागलाय. याआधी दोनदा तीन महिन्यांच्या आतच गेलं आणि दोन्ही वेळा घरच्यांनी एसटीच्या धक्क्यांना बोल लावला. तिच्या सासूबाई म्हणतात नोकरी सोड. यामिनी म्हणते, नोकरी सोडून दिवसभर घरात पोटाकडे बघत बसले तर मला वेड लागेल. शेवटी मध्यस्थी मी केली. म्हटलं, माझ्या गाडीची मागची अख्खी सीट तिची, मी प्रत्येक खड्डा चुकवत नेईन आणि आणीन. तिचं हे बाळ नीट जन्माला यावं, एवढंच सध्या आम्हा सगळ्या स्टाफरूमच्या मनात आहे.

सासूबाईंनी होकार दिला, पण एका अटीवर. लोकरीची काळी बाहुली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे गाडीले मांगून बांधजा. लोकायची नजर लय वाईट रायते. दोनदा झालं आमचं, आता तिसऱ्यांदा मले पाहावणार नाई."

मी गणिताची बाई. बाहुलीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण नाही म्हटलं असतं तर पोरगी पुन्हा एसटीत गेली असती. संध्याकाळी बांधायला गेले तर मागच्या बंपरला कुठे दोरी अडकवायला जागाच नाही, सगळं प्लास्टिक आणि गुळगुळीत. मग डिकीतली चटई उचलली. खाली पत्र्यात एक रबरी बूच दिसलं, ते काढलं, भोकातून दोरी खाली सोडली आणि आतून पेनाच्या तुकड्याला गाठ मारली. बाहुली मागे झकास लोंबते आहे. बूच शिवणाच्या डब्यात जपून ठेवलं. श्रीनिवास, म्हणजे आमचे हे, बाजूला उभे राहून बघत होते. एवढी अक्कल लढवली, पण माणसाच्या तोंडून कौतुकाचा शब्द नाही.

२१ नोव्हेंबर

पुढच्या सीटवर कैलास सर असतात, हे लिहायचं राहिलं. ते इतिहास शिकवतात आणि दिवसभर खर्रा चघळतात. सुपारी-तंबाखूचा तो लगदा गालात धरून त्यांचं बोलणं चालू असतं, त्यामुळे थंडी असो की पाऊस, त्यांची काच खाली लागते. मागे यामिनी आपली काच घट्ट लावून बसते. का, ते सांगायची गरज नाही.

आज हिंगणघाट यायच्या आधी ती म्हणाली, "मॅडम, गाडीत धुराचा वास येऊन राह्यला का?"

मी नाकाने दीर्घ श्वास घेतला. कसलाही वास नव्हता. तसं सांगितलं. कैलास सरांनी बाहेर एक पिचकारी टाकली आणि म्हणाले, "मले तं काई नाई येत बाप्पा. तुमचे दिवसच तसे हायेत. आमच्या घरी बायकोले त्या टायमात साबणाचाही वास नोको वाटे."

म्हणजे दोन विरुद्ध एक. परत आल्यावर सासूबाईही दारात म्हणाल्याच, की तिला फोडणीचासुद्धा वास सोसत नाही. एकूण गरोदर बाईचं नाक, दुसरं काय.

२४ नोव्हेंबर

रविवार. पेपर तपासत ओट्याशी उभी होते, दूध तापायला ठेवलं होतं. श्रीनिवास पार बैठकीतून धावत आले. पातेलं खालून काळं झालेलं. "अगं, तुह्या नाकासमोर करपून राह्यलं, वास नाई आला काय तुले?" मी म्हटलं, अपूर्णांकात शून्य गुण मिळवणारी चाळीस मुलं समोर असली की दुधाचं काय घेऊन बसलात. ते पातेलं घासत बसले, पण माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होते. आजकाल त्यांना घरात काही ना काही खुपतं.

दुपारी यामिनीला फोन केला. एकदम ठणठणीत. सासूबाईंशी भांडून भरलं वांगं केलं म्हणे, स्वतः फोडणी देऊन. सुट्टीचा दिवस तिला चांगला मानवतो.

२८ नोव्हेंबर

आज शाळेत उतरल्या उतरल्या यामिनीला उलटी झाली. डोकं ठणकतंय म्हणाली. पहिला तास मी घेतला. चौथ्या महिन्यात उलट्या थांबायला हव्यात, हिच्या वाढल्या. माझंही डोकं आठवडाभर जड आहे, चष्म्याचा नंबर वाढला असणार.

तिच्या नवऱ्याचा संध्याकाळी फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, आई मागं लागली हाय, राजीनामा दे म्हणून. मी काय करू?" मी सांगितलं, मी आहे ना, थोडं थांबा. फोन ठेवल्यावर वाटलं, मी कोणत्या भरवशावर बोलले? दोनदा झालेलं तिसऱ्यांदा झालं तर ती माझ्याकडे काय तोंडाने बघेल, आणि मी तिच्याकडे?

३ डिसेंबर

उलगडा झाला. वास धुराचा नाहीच, खर्ऱ्याचा आहे. मी आज नीट लक्ष ठेवलं. कैलास सरांनी पुडी काढली, काच खाली केली आणि थोड्या वेळात यामिनीने ओढणी नाकाला लावली. कालही हेच, शनिवारीही हेच. उघड्या काचेतून तंबाखूची वाफ मागे जाते आणि पोरीच्या पोटात ढवळतं. इतकं सोपं होतं.

जाम चौरस्त्याला चहाला थांबलो तेव्हा मी सरांना स्पष्टच सांगितलं. गाडीत खर्रा बंद. ते आधी हसले. मी हसत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, सुपारीचा वास आन् धुराचा वास, यामिनी मॅडमले फरक समजत नाई काय? त्या धूर म्हणून राह्यल्या."

मी म्हटलं, तिला सध्या काहीच समजत नाही, आणि तुम्हाला तिच्या बाळापेक्षा खर्रा मोठा आहे. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. सरांनी चहाचा कप अर्धा ठेवला, डिकीतून आपली पिशवी काढली आणि समोर लागलेल्या एसटीत जाऊन बसले. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. गाडीत यामिनी हळूच म्हणाली, "सर चांगले होते, मॅडम."

१० डिसेंबर

सर नाहीत तेव्हापासून एकदाही उलटी नाही. थंडी कडाक्याची, सगळ्या काचा बंद, पंखा चालू, आणि आमची बाईसाहेब मागे आरामात पुस्तक वाचत येते. आज तर तिने हिंगणघाटला उतरून कचोरी खाल्ली. माझीही डोकेदुखी गेली. मला स्वतःचं कौतुक वाटतं, ते मी इथे लिहिते, कारण दुसरं कोणी करत नाही.

स्टाफरूममध्ये कैलास सर माझ्यासमोर वर्तमानपत्र आडवं धरून बसतात. खर्रा सोडलाय म्हणे, बडीशेप चघळतात. बोलायला जावं असं मनात दोनदा आलं. पण मी बरोबर ठरले आहे, मग मीच का जायचं?

१६ डिसेंबर

दुपारी ऊन तापलं. परत येताना यामिनीने आपली काच खाली केली. म्हणाली, आता पिचकारीची भीती नाही, जरा मोकळं बसते. हिंगणघाट ओलांडलं आणि मागून आवाज आला, "मॅडम, तोच वास."

खर्रा नाही, सर नाहीत, मग हे काय? मी तिला विचारलं, नक्की येतोय की तसं वाटतंय? ती म्हणाली, "तुम्हाले नाई ना येत? मंग वाटतच असेल."

तिला घरी सोडून तडक रुपेशच्या गॅरेजला गेले. रुपेश आमची गाडी पहिल्यापासून बघतो. त्याने गाडी वर घेतली, सायलेन्सर ठोकून पाहिला, एका जोडाची पॅकिंग जळली होती ती बदलली. "आता वास येनार नाई, काकू. तरी एकदा चालवून पाहाजा." मी गाडी घरापर्यंत चालवून पाहिली. कसलाही वास आला नाही. तसं त्याला फोन करून कळवलंसुद्धा.

२० डिसेंबर

दवाखान्यातून आत्ताच घरी आले.

परत येताना यामिनी म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, पॅकिंग बदललीय, धूर नाही, तुला मोकळी हवा हवी. आणि मीच चारही काचा खाली केल्या. एवढ्या थंडीत, मुद्दाम, तिच्यासाठी. जामपासून हिंगणघाटपर्यंत ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. झोपू दे म्हणून मी गाडी अजून हळू चालवली, खड्डे चुकवत. पुढे गेल्यावर सहज आरशात पाहिलं तर तिची मान एका बाजूला पडलेली आणि तोंड उघडं.

हाका मारल्या. उठेना. रस्त्याच्या कडेला थांबून दार उघडलं, तिला बाहेर ओढून कडुनिंबाखाली आडवं केलं. कापूस वेचून परतणाऱ्या बायका धावल्या, एकीने पाणी मारलं. डोळे उघडले, पण कुठे आहे ते तिला कळेना. तिथून दवाखान्यात कशी पोचले ते मला आठवत नाही. वाटेत श्रीनिवासना फोन केला होता, त्यांनी तिच्या घरी आणि कैलास सरांना कळवलं. सर आमच्या आधी येऊन फाटकात स्ट्रेचर धरून उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बंद खोलीत शेगडी होती का? गॅसचा गीझर?" मी म्हटलं, आम्ही गाडीत होतो. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. गाडीच्या धुरातला विषारी वायू तिच्या रक्तात निघाला. त्या वायूला स्वतःला वास नसतो, म्हणाल्या, पण सोबतच्या धुराला असतो. तो तरी कोणालाच कसा आला नाही?

कैलास सर त्यांना म्हणाले, "पेशंटले येत होता, मॅडम. आम्हीच नाई म्हणत होतो."

यामिनीला ऑक्सिजन लावला आहे. बाळाचे ठोके आहेत. पण त्याला किती लागलं ते आताच सांगता येत नाही, पुढच्या सोनोग्राफीपर्यंत वाट बघायची. सासूबाई बाकावर बसून हात जोडत होत्या. मला म्हणाल्या, "बाहुली होती म्हणून निभावलं, मॅडम. नाईतर आज काई खरं नोतं."

२२ डिसेंबर

काल दिवसभर गाडीकडे बघवलं नाही. आज दुपारी ठरवलं, धूर कुठून शिरतो ते शोधल्याशिवाय जेवायचं नाही. कैलास सर आपण होऊन आले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ते होईल मंग. आधी हे पाहू."

डिकीची रबरं पाहिली, धड होती. मागच्या दिव्यांच्या कडा पाहिल्या. मग सुचलं की आत अंधार केला तर भोक आपोआप दिसेल. मागची सीट पाडली, मी आत आडवी झाले आणि सरांना सांगितलं, डिकी बंद करा, काचांवर चादरी टाका. या वयात, नऊवारी नाही पण साडीत, गुडघे छातीशी घेऊन मी तिथे पडले. चटई बाजूला सारली, डोळे अंधाराला सरावले आणि अगदी नाकाजवळ उजेडाचा एक गोल दिसला. अंगठा जाईल एवढा. त्याच्या मधून एक दोरी गेलेली, वर पेनाचा तुकडा.

मी दोरी ओढली. खालून बाहुली वर आली आणि भोकाला येऊन अडली. उजेड गेला.

सरांनी डिकी वाजवली तेव्हा भानावर आले.

बाहेर येऊन ओट्यावर बसले तेव्हा बाकीचंही एकेक उलगडत गेलं. स्वयंपाकघरातला बाहेर फेकणारा पंखा लावला की आमच्या मोरीतला वास घरात ओढला जातो, तसंच हे. गाडी पळत असताना काच उघडली की आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा घ्यायला मागच्या भोकातून सायलेन्सरच्या तोंडचा धूर आत येतो, सरळ मागच्या सीटवर. म्हणून सरांची काच उघडी असली की तिला त्रास, आणि उघड्या काचेशी खर्रा चघळणाऱ्या सरांना वासाचा पत्ता नाही. म्हणून सर गेले, काचा लागल्या आणि ती बरी झाली. आणि म्हणून परवा मी चारही काचा उघडून तिच्यावर उपकार केले.

शिवणाच्या डब्यातून बूच आणलं. ते बसवायला एक क्षण लागला.

श्रीनिवास तेवढ्यात हात पाठीमागे धरून आतून आले. "डोळे मिट," म्हणाले. मिटले. त्यांनी माझ्या नाकाखाली काहीतरी धरलं. मग दुसरं. मग तिसरं. "काय होतं सांग." मला एकही सांगता आलं नाही. डोळे उघडले तर त्यांच्या हातात कापूर, हिंग आणि चिरलेला कांदा होता आणि त्यांचे डोळे कांद्याने की कशाने, ओले झाले होते.

"कोरोना झालता तवापासून हे असं हाय," ते म्हणाले. "मी दुधाच्या टायमालेच समजलो. तुले सांगाव तं तू अंगावर येतं."

मला राग यायला हवा होता, आला नाही. आजारातून उठले तेव्हा जेवण मातीसारखं लागायचं. नंतर चवीची सवय झाली आणि मी ठरवून टाकलं की नाक परत आलं. तपासून बघितलं नाही. मुलांनी उत्तर तपासलं नाही तर मी त्यांचे गुण कापते.

२४ डिसेंबर

यामिनीला दवाखान्यातून घरी सोडलं. मी भेटायला गेले. सासूबाईंना सांगायचं की नाही, यावर रात्रभर विचार केला होता. भोक बाहुलीमुळे, असं म्हटलं तर ती म्हातारी उरलेला जन्म स्वतःला खात बसेल. न सांगावं तर उद्या आणखी कोणाच्या गाडीला तशीच बाहुली जाईल. शेवटी जे खरं तेवढंच सांगितलं. बाहुली तुमची, पण बूच मी काढलं, ते काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि वास येत नाही असं मीच सांगत राहिले.

त्यांनी बाहुली मागून घेतली, तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि चुलीमागच्या फळीवर ठेवली. "आता ते घरातच राहू द्या," एवढंच म्हणाल्या.

यामिनी उशीला टेकून बसली होती. मी तिला म्हटलं, मला वास येत नाही, यामिनी. गेली कित्येक वर्षं येत नाही. मला माहीत नव्हतं.

मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मॅडम, मले रोज येत होता. पण तुम्ही इतकं जपून नेत होत्या. तुम्ही नाई म्हटलं की मले वाटे, माझंच डोकं फिरलं. मंग मी सांगणंच बंद केलं."

मला रडू आवरलं नाही. तिनेच मला पाणी दिलं.

१७ जानेवारी

आज पाच महिने भरल्यावरची मोठी सोनोग्राफी होती. बाहेर बाकावर सासूबाई, तिचा नवरा आणि मी. यामिनी बाहेर आली आणि आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून खाली बसली. सगळं नीट आहे. मेंदू, हृदय, वाढ, सगळं दिवसांप्रमाणे आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्म होईपर्यंत लक्ष ठेवू, पण आज तरी काळजीचं काही दिसत नाही. सासूबाईंनी माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

३ फेब्रुवारी

यामिनी आजपासून शाळेत रुजू झाली. मी म्हटलं होतं, एसटीने जा, मी सोबत बसून येते. तिने ऐकलं नाही. सकाळी आमच्या दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी उघडून वाकून वास घेतला आणि मागचं दार न उघडता पुढे येऊन बसली. कैलास सर मागे जाऊन बसले. खिशातून बडीशेपेची डबी काढून तिला आधी दिली.

जामच्या अलीकडे मी सरांना दहावीच्या सरावपरीक्षेचं काहीतरी सांगत होते. यामिनी म्हणाली, "मॅडम, धुराचा वास येते."

मी गाडी तिथेच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना खाली उतरवलं. कोणाला काही विचारलं नाही. रस्त्यापलीकडे एका वावरात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे, ढीग पेटवले होते, धूर आमच्याच दिशेला वाहत होता. सर हसून म्हणाले, "मॅडम, वावरातला हाय. चला, बसा."

मी यामिनीकडे पाहिलं. तिने पोटावर हात ठेवला, थोडी पुढे चालत गेली, मग गाडीकडे परत आली आणि उघड्या दारातून आत नाक घालून उभी राहिली. उशीर होत होता, प्रार्थनेची घंटा चुकणार होती. ती "हाव, वावरातलाच हाय, चला" म्हणेपर्यंत मी किल्लीला हात लावला नाही.